गोठ्याचं आंगण

खडकीत राहणाऱ्या माणसाला इतिहासासाठी लांब जावं लागत नाही, फाटकावर ओळखपत्र दाखवावं लागतं. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी बापू गोखल्यांचं घोडदळ गणेशखिंडीकडून इंग्रजांच्या पलटणींवर चालून गेलं. दुसरा बाजीराव पर्वतीवरून लढाई बघत होता, आणि दिवस मावळेपर्यंत पेशवाईचा निकाल लागल्यात जमा होता. ते सगळं रान आज विद्यापीठ, लष्कर आणि कारखाने यांच्या कुंपणांत वाटलं गेलं आहे. इकडे १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना, तिकडे बॉम्बे सॅपर्सचं केंद्र, होळकर पुलाजवळ दुसऱ्या महायुद्धातल्या दीड हजारांहून अधिक सैनिकांची दफनभूमी. दफनभूमीतलं गवत इतकं नेटकं कापलेलं असतं की आमच्या कँटोन्मेंटातल्या एकाही बागेला ते जमलेलं नाही. इतिहासाची निगा राखणं म्हणजे काय, हे बघायचं तर खडकी चांगली जागा आहे.

पण ही निगा सरकारी आहे. तिला पगारी माणसं आहेत, वेळापत्रक आहे, अंदाजपत्रकात रकाना आहे. हेच काम एखाद्या घराने अंगावर घेतलं तर? म्हणजे सकाळी झाडलोट, दूध, मुलांचा डबा, आणि त्याच ओघात चारशे माणसांच्या वाडीचा इतिहास झाडूनपुसून पाहुण्यांपुढे मांडायचा. चारशे हा आपला बोलण्यातला आकडा. वाडी मात्र खरी आहे. ती सिंधुदुर्गात, कुडाळपासून अगदी जवळ, पिंगुळी गावात आहे आणि तिचं नाव गुढीपूर. तिथल्या परशुराम गंगावणे यांनी २००६ साली घरचा गुरांचा गोठा रिकामा केला आणि त्यात संग्रहालय मांडलं. नाव ठेवलं ‘ठाकर आदिवासी कला आंगण’. २०२१ च्या पद्म पुरस्कारांच्या यादीत त्यांचं नाव आलं तेव्हा महाराष्ट्रातल्या बऱ्याच वाचकांनी ‘चित्रकथी’ हा शब्द पहिल्यांदा वाचला असेल. पिंगुळीचं नाव तोवर बाहेर माहीत होतं ते बहुतेक राऊळ महाराजांच्या मठामुळे.

गुढीपूरची वस्ती ठाकर समाजाची. सावंतवाडीच्या भोसल्यांच्या आश्रयाने या समाजातली घराणी गावोगावच्या देवळांत खेळ करत. कोणत्या घराने कोणत्या गावच्या देवळात सेवा द्यायची हे ठरलेलं असे. दसरा झाला, पाऊस सरला, की पोथ्या आणि बाहुल्यांची बोचकी डोक्यावर घेऊन माणसं घाटाखालची गावं पालथी घालत. मोबदला म्हणजे भात, नारळ, कापड, थोडे पैसे. खेळही एक नव्हे. कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्यांचा सावलीचा खेळ, चित्रकथी, पांगुळबैल, राधानाच… एकाच घरातला माणूस आज दोरा ओढणार, उद्या हुडूक वाजवणार, परवा चित्रं रंगवणार. आपण ज्याला आज ‘कलाकार’ म्हणतो त्याच्यापेक्षा हे काम बलुत्याच्या जवळ जाणारं होतं. गावाला जसा सुतार लागतो तसा देवळाला ठाकर लागायचा.

खडकीच्या लढाईचा या गोष्टीशी संबंध आहे, फक्त तो दुरून येतो. पुण्याचा निकाल लागल्यावर दोनच वर्षांत, १८१९ मध्ये, सावंतवाडीनेही इंग्रजांचं वर्चस्व मान्य करून तह केला. गादी राहिली, राजवाडा राहिला, मोती तलावाकाठची शोभा राहिली. पण संस्थानाच्या तिजोरीची चावी दुसऱ्याच्या कमरेला गेली, की बाहुल्या नाचवणाऱ्याच्या वाट्याला येणारा हात आखडतोच. तरीही हे खेळ पुढची सव्वाशे-दीडशे वर्षं टिकले, कारण त्यांचा खरा पोशिंदा राजवाडा नव्हताच. तो होता गावचा देव आणि त्याचे मानकरी.

चित्रकथी म्हणजे नेमकं काय, हे आधी डोळ्यांपुढे आणलं पाहिजे. कागदाची सुटी पानं, फूट-सव्वा फुटाची. प्रत्येक पान म्हणजे दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. अशी पन्नासेक चित्रं मिळून एका आख्यानाची पोथी होते, आणि ती फडक्यात बांधून ठेवलेली असते. रामायण-महाभारतातली आख्यानं, पण आपण शाळेत वाचतो तेवढीच नव्हेत. तोंडी परंपरेत वाढलेली, छापील ग्रंथांत सहसा न सापडणारी उपकथानकंही त्यात भरपूर. रंग पूर्वी माती, दगड, काजळ, झाडपाला यांतूनच काढायचे. चेहरे बहुधा एका बाजूने दाखवलेले, डोळा टपोरा, नाक धारदार, बाह्यरेषा ठसठशीत. अंगावरच्या वस्त्रांवर ठिपके, रेघा, चौकटी यांची नुसती रेलचेल. मोकळी जागा दिसली की चित्रकाराचा हात शिवशिवत असावा.

खेळाला माणसं तीन. मुख्य कथेकऱ्याकडे वीणा, दुसऱ्याकडे हुडूक, तिसऱ्याकडे टाळ. दिवा लागतो, पोथीचं फडकं सुटतं, पहिलं पान उभं राहतं ते गणपतीचं, मग सरस्वतीचं. नमन झालं की आख्यान. आधी गाऊन सांगायचं, मग तेच बोलून उलगडायचं आणि पान उलटायचं. लढाईच्या चित्रात बाण धनुष्यातून सुटून हवेत थांबलेला असतो. तो लागायचा की हुकायचा हे गाणारा ठरवतो आणि ते सांगायला हवा तितका वेळ घेतो. समोरचा पोरगा त्या बाणाकडे टक लावून बसतो. चित्रातलं काहीच हललेलं नसतं, पण त्या पोराला विचारलंत तर तो बाण लागल्याचं शपथेवर सांगेल.

आता एक हिशेब करून बघा. फूट-सव्वा फुटाचं चित्र, दिव्याचा उजेड. किती माणसांना दिसणार? तीस, चाळीस, फार तर पन्नास, आणि तीही दाटीवाटीने. या कलेच्या नशिबातल्या बऱ्याच गोष्टी या एका मापातून निघतात, असं मला वाटतं. सिंधुदुर्गातल्या त्याच देवळांत दशावतारही होतो. पार्सेकर, मोचेमाडकर, वालावलकर अशी मंडळं आजही जत्रांचा मोसम गाजवतात, आणि मांडावर हजार माणूस पहाटेपर्यंत बसतं. दशावताराचा राजा दुरून दिसतो, त्याचा मुकुट चमकतो, त्याची तलवार शेवटच्या रांगेपर्यंत पोचते. सिनेमा आला, टीव्ही आला, तरी दशावतार तगला. चित्रकथीला ते जमलं नाही, यात कुणाचा कमीपणा नाही. गर्दी वाढली आणि चित्र तेवढंच राहिलं.

सावलीचा खेळही असाच जवळून बघायचा. कमावलेल्या कातड्यावर आकृती कोरायची, रंगवायची, आणि जिथे दागिना, मुकुट, वस्त्राची नक्षी हवी तिथे बारीक भोकं पाडायची. पांढऱ्या पडद्यामागे दिवा धरला की आकृतीची सावली पडते आणि भोकांमधून उजेड ठिपक्याठिपक्यांनी पुढे येतो. भोक जरा मोठं पडलं की गळ्यातला हार फाटका दिसतो, इतकं हे काम नाजूक. लखलखीत विजेच्या दिव्यापुढे ही नक्षी निर्जीव दिसते. ज्योत थोडी हलती हवी. ज्योत हलली की सावलीतला मारुती श्वास घेतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देवळांतले खेळ रोडावले तेव्हा या कलेकडे लक्ष गेलं ते आधी बाहेरच्या माणसांचं. जर्मन अभ्यासक येऊन गेले, लेख लिहिले गेले. १९७७ मध्ये मणी कौल यांनी ‘चित्रकथी’ नावाचा माहितीपट केला. अ‍ॅना दल्लापिकोला यांचं या चित्रपरंपरेवरचं जर्मन पुस्तक १९८० मध्ये निघालं, त्याच्या नावात पैठण आहे. कारण अशी जुनी चित्रं पैठण भागात मोठ्या संख्येने मिळाली आणि ‘पैठण चित्रशैली’ हे नाव रूढ झालं. मिळाली तिथेच ती काढली गेली असं मात्र नव्हे, आणि पैठणची चित्रं आणि पिंगुळीची चित्रं यांचं नातं काय यावर अभ्यासकांनी बरीच शाई खर्च केली आहे. पिंगुळीत बसलेल्या माणसाला त्या वादाचं फारसं सुखदुःख नसावं. त्याच्या घरी पोथी होती आणि ती म्हणता येत होती.

पैठणच्या त्या चित्रांपैकी काही पुण्यात आहेत, शुक्रवार पेठेत, राजा दिनकर केळकर संग्रहालयात. हे संग्रहालयही घरातूनच निघालेलं. दिनकर गंगाधर केळकर, कवी म्हणून ‘अज्ञातवासी’, घरचा धंदा चष्म्याच्या दुकानाचा. साधारण १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमवायचं वेड लागलं आणि ते १९९० मध्ये वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी जाईपर्यंत सुटलं नाही. दिवे, अडकित्ते, दौती, वाद्यं, कोरीव दरवाजे, अख्खा मस्तानी महाल. पत्नी कमलाबाई या खटाटोपात बरोबरीने. बालपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहाला दिलं आणि सगळं महाराष्ट्र सरकारच्या हवाली केलं. वीस हजारांवर वस्तू. त्यातल्या मांडून ठेवायला जागा आहे ती थोड्यांनाच.

केळकरांनी ती चित्रं उचलली नसती तर त्यांतली किती वाळवीने खाल्ली असती, सांगता येत नाही. त्यामुळे काचेच्या कपाटाला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. पण तिथे चित्रापुढे उभं राहिलं की चित्र गप्प असतं. आधीचं पान कुठलं, पुढचं कुठलं, हा राक्षस रडतोय की गर्जतोय, काही कळत नाही. कोकणातल्या एखाद्या आजोबांना सोबत न्यावं आणि त्यांनी भिंतीवरचं चित्र बघून गायला सुरुवात करावी, असा विचार माझ्या मनात येतो. मग सुरक्षारक्षकाचा चेहराही डोळ्यांपुढे येतो.

गंगावण्यांच्या गोठ्याचं महत्त्व इथे आहे. केळकर संग्राहक होते. त्यांनी दुसऱ्यांच्या घरातल्या वस्तू वाचवल्या. गंगावणे वारसदार आहेत. वस्तू त्यांची, आवाज त्यांचा, जागाही त्यांची. आत शिरलं की भिंतींवर चित्रं, टांगलेल्या कळसूत्री बाहुल्या, कातडी आकृती, वाद्यं, आणि हे सगळं दाखवायला उभं असतं ते त्याच घरातलं माणूस. परशुराम गंगावण्यांनी बालपणापासून वडिलधाऱ्यांकडून हे सगळं उचललं आणि आयुष्य त्यातच घालवलं. मुलं चेतन आणि एकनाथ त्यांच्याबरोबर उभी राहिली. संग्रहालय दाखवणं, खेळ करणं, चित्रं काढणं, शिबिरं घेणं, ही कामं घरात वाटली गेली. सहलीची बस आली की घरच्या बायकांची धावपळ काय होत असेल याची कल्पना करायला कोकणी घर बघितलेल्या कुणालाही त्रास पडू नये. पद्मश्रीच्या बातम्यांत ही धावपळ येत नाही. त्यांत एकच नाव छापायला जागा असते.

आणि गोठा! सरकारी योजनेतून उभं राहिलेलं सभागृह असतं तर त्यात तीनशे खुर्च्या, उंच रंगमंच आणि ध्वनिक्षेपक असता, आणि पन्नास माणसांच्या मापाची कला त्यात बुडून गेली असती. गोठ्यात दोन-तीन गुरं आणि त्यांची वैरण मावते, म्हणजे शाळेचा एक वर्ग दाटीने मावतो. लोककला महोत्सवांत चित्रकथी मी बघितली आहे ती रंगमंचावर, भल्यामोठ्या पडद्यावर चित्र फेकलेलं, कथेकऱ्यापुढे दोन माईक. सगळ्यांना सगळं दिसत होतं आणि कुणीही पुढे सरकून बसत नव्हतं. गंगावण्यांनी हे माप हिशेब करून निवडलं की हाताशी गोठाच होता म्हणून झालं, याने फारसा फरक पडत नाही. जागा बरोबर निघाली.

पिंगुळीपासून वीसेक किलोमीटरवर अशीच आणखी एक गोष्ट घडलेली आहे, ती मात्र राजवाड्यात. सावंतवाडीचे शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांच्या लक्षात आलं की गंजिफा रंगवणारे चितारी संपत आले आहेत. पुंडलिक चितारी हे वृद्ध कारागीर तेवढे उरले होते. त्यांच्याकडून विद्या घेतली, १९७१ मध्ये ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ सुरू केलं आणि दरबार हॉलमध्ये कारागीर बसवले. आजही तिथे गोल पत्त्यांवर मत्स्य, कूर्म, वराह रंगवणारी माणसं दिसतात. दशावतारी गंजिफाचा डाव म्हणजे एकशेवीस पानं, आणि हातभर अंतरावरून रंगकाम बघता येतं. सत्त्वशीलादेवी स्वतः कुंचला धरत. राजघराण्याने मनावर घेतलं म्हणून कला वाचली, ही जुन्या वळणाची गोष्ट झाली. तिच्यात आश्रयदाता वर आणि कारागीर खाली बसतो. पिंगुळीत ज्यांना पूर्वी आश्रय मिळायचा त्यांनीच दार उघडलं. मला ही दुसरी गोष्ट जास्त धाडसाची वाटते. राजवाड्याला फसण्याची भीती नसते. गोठा रिकामा करणाऱ्याला असते.

शिवाय इथे एक जुनी सवय मोडावी लागली. पोथी घराण्याची, आख्यान घराण्याचं, गावं घराण्याची. अशा व्यवस्थेत विद्या बाहेर देणं म्हणजे पोटावर पाय. आज तिथे शिबिराला आलेलं कुठलंही मूल चित्रकथी रेषेचा सराव करतं आणि कळसूत्री बाहुली हातात घेतं. पहिल्यांदा बाहुली धरणारं मूल हमखास दोरा जोरात ओढतं आणि बाहुली उडी मारते. बाकीची मुलं हसतात. दोरा ढिला सोडला की मान आपोआप झुकते, हे कळायला थोडा वेळ जातो. कळलं की मात्र ते बाहुली सोडायला तयार नसतं. पिंगुळीत ही विद्या एकट्या गंगावण्यांकडे आहे असंही नाही. गणपत मसगे यांच्यासारखे कलावंत त्याच मातीतले. वाडीत चार घरांत हात चालू राहिले तरच पोथीला अर्थ आहे.

नावातल्या ‘आदिवासी’ या शब्दालाही वजन आहे, आणि ते फक्त अभिमानाचं नाही. सिंधुदुर्गातल्या ठाकरांना अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी आणि त्याच्या पडताळणीसाठी वर्षानुवर्षं झगडावं लागलं आहे. १९७६ च्या कायद्याने जमातींच्या यादीतल्या प्रादेशिक मर्यादा काढल्या, तरी कचेरीतला प्रश्न सुटला नाही. पडताळणीत समाजाच्या चालीरीती, देव, कला यांची विचारपूस होते. म्हणजे आजोबांचा पांगुळबैल आणि आजीची गाणी नातवाच्या कॉलेजप्रवेशाच्या कागदांत येऊन बसतात. आपल्याला ज्यात लोककला दिसते त्यात त्या घराला ओळखीचा पुरावा दिसतो. संग्रहालय गोठ्यात मांडण्यामागे एवढंच कारण होतं असं कुणी म्हणणार नाही, पण भिंतीवरची पाटी वाचताना हे ध्यानात ठेवावं.

काय बदललं हेही सांगायला हवं. रात्रभराचं आख्यान आता पर्यटकांच्या वेळेत बसवावं लागतं. गोव्याला निघालेली गाडी वाटेत तासभर थांबते, त्यात जेवणही उरकायचं असतं. बाहुल्यांच्या खेळात स्वच्छता, पाणी, पर्यावरण असे विषय आले. चित्रं सुटी विकली जातात. दिवाणखान्यात टांगलेलं सीतेचं चित्र पोथीतून तुटलेलं असतं, त्याला मागचं-पुढचं पान नसतं. शुद्धतावादी माणसाला याचा त्रास होतो. मला तेवढा होत नाही. देवळातला प्रेक्षकही फुकट जागत नव्हता. देवाच्या नावाने का होईना, भात द्यायचा. आताचा प्रेक्षक चित्राचे पैसे देतो. माझी काळजी वेगळी आहे. रेषा शिकवायला सोपी, चित्र विकायला सोपं. पण ती गायची आख्यानं, हुडुकाच्या ठेक्यावर तासतासभर चालणारी, ती कुणी मागत नाही. जे विकत घेतलं जात नाही ते घरात किती दिवस पाठ राहील? एका पिढीला चित्र येतं आणि आख्यान अर्धं येतं, अशी वेळ कुठल्याही वाडीवर यायला फार काळ लागत नाही. पिंगुळीला जाणाऱ्याने घाई न करता अख्खं आख्यान ऐकायची तयारी दाखवली, तर त्या घराला तेही चालू ठेवायचं कारण मिळेल.

खडकी-रेंजहिल्सच्या कडेला सिंचननगरच्या मैदानावर जत्रा भरते तेव्हा राज्यभरचे कारागीर आणि बचतगट येतात, आणि आम्ही पिशव्या भरभरून घरी येतो. घोंगड्या, मसाले, वारली चित्रं. तिथे चित्रकथी मांडली तर खपेल, याबद्दल शंका नाही. पण मैदानावर ती ऐकता येणार नाही. आमच्या इथल्या शाळांनी एकदा पिंगुळीची माणसं पुण्याला बोलवावीत, किंवा अजून बरं म्हणजे मुलांनाच तिकडे न्यावं. कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली करत सावंतवाडीला उतरलं की पुढे पिंगुळी हाकेवर आहे. बोलवायचं ठरलंच तर सभागृह घेऊ नका, माईक लावू नका, प्रमुख पाहुणे तर अजिबात नकोत. एक वर्ग पुरे. बाकं मागे सारून मुलांना जमिनीवर बसवायचं, खिडक्या लावून अंधार करायचा. आणि पंखा बंद ठेवायचा, नाहीतर पोथीची पानं उडतात.